पुढची रिकामी जागा

एल्डन रस्क आत आले ते टोपीवर धुक्याचे थेंब घेऊनच. दारातून वाकून यावं लागावं इतका उंच म्हातारा. ड्वाइटनं पुढे केलेल्या खुर्चीत ते बसले, तसे त्यांचे गुडघे टेबलावर आपटले आणि कॉफीचे कप हिंदकळले.

"माफ करा. हे पाय ठेवायचे कुठं, हा प्रश्न मला जन्मभर पडलेला आहे."

व्हर्ना टॉलिव्हरनं रुमालानं टेबल पुसलं. अपघातांचे खरेखोटे दावे तपासण्यात तिची तीस वर्षं गेली होती. आता ती तेच काम स्वतःची पाटी लावून करत होती. ड्वाइट तिचा दीर. जन्मभर शाळेची बस चालवलेला. भाऊ गेल्यापासून तो वहिनीची गाडी चालवत होता आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घेत होता.

"काय शोधायचंय, मिस्टर रस्क?"

"मी एका बाईला गाडीनं पाडलं की नाही, ते."

ड्वाइटनं हातातला कप खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत नाही?" ड्वाइटनं विचारलं.

"नाही, तीच तर अडचण आहे." रस्कनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वसंतापासून मला विसरायला होतं. दिवसचे दिवस पुसले जातात. गेल्या मंगळवारी पहाटे, मी रोज माणसं घ्यायला जातो त्या वुडब्रिजच्या रांगेत, ग्वेन ओडम नावाची बाई माझ्या गाडीच्या धक्क्यानं पडली. खुब्याचं हाड मोडलं तिचं. ती म्हणते, गाडी माझी होती, टोपी माझी होती. संध्याकाळी मुलगी म्हणाली, 'बाबा, तुम्ही आज शहरात जाऊन आलात.' म्हणजे गेलो असेन."

वुडब्रिजची रांग व्हर्नाला ठाऊक होती. गाडीत तिघं असले तरच वॉशिंग्टनकडे जाणारी मोकळी लेन मिळते. म्हणून एकटे ड्रायव्हर पहाटे तिथल्या पार्किंगमध्ये येतात, रांगेतली अनोळखी माणसं उचलतात आणि निघतात. कुणी कुणाला जास्त काही विचारत नाही.

"तुम्ही तर निवृत्त आहात," ती म्हणाली. "मग रोज पहाटे शहरात कशाला?"

रस्क जरा ओशाळले. "बायको गेल्यापासून घरी झोप लागत नाही. रांगेतली माणसं मात्र माझ्या गाडीत बसली की झोपतात. अनोळखी माणसं, विश्वासानं, माना टाकून. तेवढं मिळालं की माझा दिवस जातो." टोपीची कड त्यांनी बोटानं सारखी केली. "उद्या विम्याच्या वकिलापुढं जबाब आहे. मी केलं असेल तर तसं लिहून देईन आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवीन. पण खरं असेल तरच. न केलेलं पाप डोक्यावर घेऊन मरायचं नाही मला, आणि केलेलं विसरूनही मरायचं नाही."

"काहीच आठवत नाही?"

"स्वप्नासारखं आठवतं. धुकं. उजवीकडच्या काचेवर एक हात, बोटं पसरलेली. आणि माझी टोपी."

"टोपी कशी दिसते?"

"बाजूनं. कड खाली ओढलेली."

व्हर्नानं हातातल्या पेनचं टोपण लावून टाकलं. ड्वाइटला त्याचं नवल वाटलं. अजून तिनं काहीच लिहून घेतलं नव्हतं.

"गाडीत तेव्हापासून कोणी बसलंय?"

"छे. गाडीचा हीटर बंद पडलाय, त्यामुळं टोपी, कोट, मफलर सगळं गाडीतच असतं. आज टॅक्सी बोलावली आणि टोपी घ्यायला गॅरेजमध्ये गेलो, दारातूनच हात घालून घेतली. आरसा पार खाली वळलेला होता. मीच वळवला असणार." ते कसनुसं हसले. "हल्ली सगळं 'मीच केलं असणार' असंच असतं."

*

ग्वेन ओडम रुग्णालयात उशांवर टेकून बसली होती. चाळिशीची, भरल्या आवाजाची बाई. राग मात्र आवाजात मावत नव्हता.

"लागलं त्याचं नाही हो मला वाईट वाटत. मफलरात गुंडाळलेलं तोंड वळवून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गाडी हाणली, त्याचं वाटतं. रस्कनी! मी किती वेळा त्यांच्या गाडीतून गेलेय!"

"नेमकं काय झालं?"

"माझ्यापुढं दोघं होते. रस्कची ती हिरवी बुइक आली, त्यांनी काचेला 'पेंटागॉन' लिहिलेला पुठ्ठा लावला. दोघं मागं बसले. मी पुढच्या दाराशी गेले."

"तिसरी? त्यांना तर दोघंच हवे होते," ड्वाइट म्हणाला.

ग्वेननं त्याच्याकडं पोरासोरांकडं बघावं तसं बघितलं. "रांगेत मी एकटी उरले होते ना, साहेब. अंधारात बाईला एकटं सोडून जायचं नाही. रांगेचा पहिला नियम आहे तो. आणि रस्क तर पुढची जागा त्यासाठीच ठेवतात. त्यांच्या बायकोची गादी आहे तिथं. एकटी उरलेली बाई असेल तरच ती जागा उघडते. म्हणून मी बिनधास्त गेले. हँडलवर एक हात, काचेवर एक हात. आणि गाडीनं हिसका दिला."

"ते काही बोलले?"

"अक्षर नाही. एरवी काच खाली करून असे ओरडतात, 'पेंटाऽऽगॉन!', की झाडावरचे कावळे उडतात."

*

मागं बसलेल्या दोघांपैकी मारिसोल इबार्रा पेंटागॉनच्या बसथांब्याजवळ भेटली. हातात सँडविच, कानात इयरफोन.

"मी उजवीकडं बसले होते. रस्कच्या मागं बसायचं तर पाय घरी ठेवून यावे लागतात, सगळ्या रांगेला माहीत आहे. तो नवा माणूस होता, त्याला ढकललं तिकडं." ती हसली आणि मग तिनं कानातला इयरफोन काढला. "ग्वेनला ते घेतील असं मी धरूनच चालले होते. डोळे मिटले. मग धप्प झालं. मला वाटलं गतिरोधक असेल."

"विचारलं नाही?"

"ड्रायव्हर बोलला तर बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. तोही नियमच आहे."

"ड्रायव्हर दिसला का?"

"मागून काय दिसणार? टोपीच दिसते. थँक्यू म्हणून उतरले. उत्तर आलं नाही."

दुसरा प्रवासी तेकलू. इथिओपियाहून आलेला, ड्वाइटपेक्षा डोकंभर उंच तरुण. रांगेत त्याचा पहिलाच आठवडा होता.

"मॅम, मला काचेवर हात दिसला होता," तो हळूच म्हणाला. "धुक्यात पांढरा. पण आदल्या रात्री झोप झाली नव्हती, बसल्या बसल्या पाय पसरले आणि डोळा लागायला लागला. वाटलं स्वप्न आहे. बोलायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून बोललो नाही." मग त्यानं विचारलं, "कायद्यानं मी दोषी आहे का?"

"कायद्यानं नाही," व्हर्ना म्हणाली.

तो पुढचं ऐकायला थांबला. ती गाडीकडं चालू लागली.

*

रस्कच्या घरी जावई कर्टनं दार उघडलं आणि त्या दारात दुसरं काही मावेना. कपाटाएवढा माणूस. गोदामात रात्रपाळीला होता.

"मंगळवारी? कामावरून थेट आलो आणि झोपलो. कोणी पाहिलं नाही. झोपलेल्या माणसाला कोण पाहतं?"

"गाडीची दुसरी किल्ली कुठं असते?"

"त्या खिळ्याला. ते भंगार विकून टाका म्हणून मी वर्षभर सांगतोय. पण नाही! म्हाताऱ्याला लोकांना फिरवायचंय, आणि मी आपला घरचा टॅक्सीवाला. हिचं लायसन्स नाताळपर्यंत अडकलंय, वेगाच्या चार पावत्या! रोज हिला स्टेशनवर सोडायचं. मंगळवारी मी घरी येईपर्यंत ही निघूनही गेली होती."

"बसनं गेले मी," आतून आवाज आला.

लोरेन रस्क स्टुलावर चढून वरच्या फळीवरून कप काढत होती. आईवर गेलेली असावी. वडिलांशेजारी उभी राहिली तर त्यांच्या कोपराशी आली असती. सरकारी कचेरीत होती, गोपनीय कागदांच्या विभागात.

"बाबांचं वय झालंय," ती म्हणाली. पाठ वळवूनच. "त्यांचा काही दोष नाही. कुणी त्यांना तुरुंगात घालणार नाही. विमा त्या बाईला पैसे देईल, किल्ली जाईल, विषय संपेल. ते सगळ्यांच्याच भल्याचं नाही का?"

"काचेवरच्या हाताचं त्यांना तुम्ही सांगितलं?"

कप फळीला लागून खणखणला. "त्यांनाच आठवलं ते."

गाडीत बसल्यावर ड्वाइटनं निकाल देऊन टाकला. "कर्ट. साक्षीदार नाही, किल्ली हाताशी, गाडी नकोशी. आणि म्हाताऱ्यावर खार खाऊन आहे."

"गाडी चालव," व्हर्ना म्हणाली. "आणि सकाळी तेकलूला घेऊन ये."

*

सकाळीही धुकं उठलं नव्हतं. रस्कच्या अंगणात हिरवी बुइक बाहेर काढून ठेवली होती. तिच्याभोवती सगळे अर्धवट झोपेतल्यासारखे उभे होते: रस्क, लोरेन, कर्ट, तेकलू.

"मिस्टर रस्क, तुमच्या जागेवर बसा. हवी तशी सीट करा. तेकलू, तू त्यांच्या मागं."

तेकलू बसायला गेला. गुडघे सीटच्या पाठीत रुतले. तो वाकडा झाला, तिरका झाला, शेवटी एक पाय दाराबाहेर राहिला.

"मॅम, ही ती गाडी नाही. त्या दिवशी मी पाय पसरून बसलो होतो."

"हीच गाडी आहे. आता कर्ट, तुम्ही बसा."

कर्टनं शिव्या पुटपुटत रस्कची जागा घेतली आणि सीट त्याला एक खाचही पुढं घेता आली नाही. तेकलूचा पाय बाहेरच.

"म्हणजे कर्ट नाही," ड्वाइट म्हणाला. त्याला बारीकसं दुःख झालं.

"कालपासून मला एक गोष्ट खटकत होती," व्हर्ना म्हणाली. "मिस्टर रस्कना स्वतःची टोपी बाजूनं आठवते. गाडी चालवणाऱ्याला स्वतःची टोपी कधी दिसते का? ती आठवण नव्हती. कुणीतरी सांगितलेली गोष्ट होती, आणि सांगितलेल्या गोष्टीत आपण स्वतःलाच बाहेरून बघतो.

"मग पुठ्ठा. रस्क ओरडून सांगतात. हा ड्रायव्हर तोंड उघडायला तयार नव्हता, निरोपाचं थँक्यूसुद्धा परत केलं नाही. कारण आवाज कळला असता. टोपी नि मफलर वेषांतर म्हणून नव्हते. हीटर बंद, थंडी कडाक्याची, आणि ते सीटवर पडलेले होते. पण मागून बघणाऱ्याला टोपी दिसली की रस्क दिसले.

"आणि ग्वेन ओडम. ती बेसावध नव्हती. उलट तिचा रांगेवर भरवसा होता. गाडी तिला घेतल्याशिवाय हलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. फक्त चालवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला दोन माणसं हवी होती, ती मिळाली. काचेवर हात दिसला तेव्हा वाटलं, ओळखलं कुणीतरी. म्हणून हिसका दिला.

"म्हणजे बघा: रांगेचे रिवाज न जाणणारं, मिस्टर रस्कच्या घरातलं, आवाज लपवण्याची गरज असलेलं कुणीतरी. इतकं लहान चणीचं, की सीट पुढं ओढल्यावर मागं तेकलूला झोपता यावं."

कुणीच लोरेनकडं बघितलं नाही. ती स्वतःच पुढं आली.

"सीट मी मागं सरकवली होती," ती म्हणाली.

"आरसा विसरलात," व्हर्ना म्हणाली. "तो तुमच्या डोळ्यांच्या उंचीलाच राहिला."

"बस चुकली होती. बाबा गाढ झोपले होते, म्हणून त्यांची गाडी घेतली, मोकळ्या लेनसाठी दोघांना बसवलं. त्या दिवशी उशीर झाला असता तर... लायसन्स नसताना गाडी, त्यात अपघात... नोकरी गेली असती, तुरुंग झाला असता. धप्प झालं ते कळलं, पण पडलं कोण, किती लागलं, ते संध्याकाळी कळलं. तोवर सगळे 'रस्क, रस्क' म्हणायला लागले होते." तिनं बापाकडं बघितलं. "मला वाटलं, तुम्ही तसंही विसरून जाल, बाबा."

कर्टनं तोंड फिरवलं.

रस्कनी बुइकच्या टपावर हात ठेवला. मग त्यांनी व्हर्नाला विचारलं, "मंगळवारी मी कुठं होतो?"

"घरी. झोपला होतात."

"झोपलो होतो," ते म्हणाले. चांगली बातमी पुन्हा ऐकावी तसं. "म्हणजे त्या दिवशी झोप लागली होती तर."

खिशातून किल्ली काढून त्यांनी ती ड्वाइटच्या हातावर ठेवली.

"अहो, पण तुम्ही नव्हताच!" ड्वाइट म्हणाला. "किल्ली का देताय?"

"मी केलं नाही, पण केलं असं मला खरं वाटलं. काचेवरचा हातसुद्धा दिसायला लागला. ज्याला कुणी सांगितलं ते स्वतःचं वाटतं, त्याच्या गाडीत लोकांनी विश्वासानं झोपू नये." ते मागचं दार उघडून बसले, पाय दुमडून, तेकलूशेजारी. "मला ग्वेनकडं न्या. मग वकिलाकडं जाऊ."

व्हर्ना दुसऱ्या बाजूनं मागं बसली. कर्ट घरात गेला. ड्वाइटनं इंजिन सुरू केलं.

"थांबा," मागून रस्क म्हणाले.

धुक्यात लोरेन अंगणात उभी होती. एकटी. हात कुठं ठेवावे ते न कळल्यासारखी.

"एकट्या बाईला मागं सोडून जायचं नाही," रस्क म्हणाले. "पुढची जागा आहे."

ड्वाइटनं वाकून पुढचं दार उघडलं. लोरेन आली. आईच्या गादीकडं बघत ती क्षणभर थांबली, मग बसली. तिचे खांदे हलायला लागले, तरी आवाज आला नाही.

रुग्णालयापर्यंतचा रस्ता दिसत नव्हता, पांढऱ्यात पांढरा मिसळला होता. ड्वाइटला खूप काही विचारायचं होतं. पण ड्रायव्हर बोलला की सगळ्यांना बोलावं लागतं. त्यानं आरसा आपल्या उंचीला लावून घेतला, आणि त्यात त्याला मागं रस्क दिसले. गुडघे छातीशी घेतलेले, मान तेकलूच्या खांद्यावर कललेली. गाढ झोपले होते.

तेकलू हलत नव्हता. ड्वाइटनं वेग कमी केला.