चार फोटोंची पट्टी

ऐकायचं तर मधे बोलू नका. हा मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचा. फोटोबूथ सांभाळायचा. नाणं टाका, पडदा ओढा, चारदा उजेड पडतो, चार मिनिटांनी पट्टी बाहेर. शंभर वर्षांची जुनी चीज. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तरी लोक रांग लावतात. कारण एकच. आत बघणारं कोणी नसतं.

म्हणूनच ती शाळकरी मुलगी आत बसली. गालावर भाजल्याचा डाग. घरी कोणाला फोटो काढू द्यायची नाही.

पट्टी अडकली. उद्या घेऊन जा म्हणून मिस्त्रीने तिला वाटेला लावलं आणि घाईत झाकण उघडलं. पट्टी अजून रसायनात होती. तिला उजेड लागला; मुसळ केरात. चारही फोटो काळे. त्याने ती फेकून दिली.

मुलगी घरी पोचलीच नाही. वाटेत ट्रकखाली गेली.

आई आली. मुलीला बूथमध्ये शिरताना शेजारणीने पाहिलं होतं. शेवटचा फोटो तेवढा द्या, म्हणाली. चूक कबूल करायची तर तीस वर्षांचं नाव जातं. पडलो तरी नाक वर. अशी मुलगी आलीच नाही, म्हणाला. बाई रोज यायची, पत्त्याची चिठ्ठी ठेवून जायची. एक दिवस तो वैतागला.

"बाई, तोंड लपवणारी पोरगी फोटो कशाला काढेल?"

त्यानंतर ती आली नाही.

गेल्या वर्षी, अकरा नोव्हेंबर, मंगळवार. बूथ दुसरीकडे हलवायचा होता. मिस्त्रीने रसायनं उपसली, वायर काढली. रात्रीचे सव्वाअकरा.

वळून पाहिलं, तर पडदा ओढलेला.

खाली दोन पाय. शाळेचे बूट.

उजेड पडला. एकदा... दोनदा...

वायर त्याच्या हातात होती.

तिसऱ्यांदा... चौथ्यांदा.

पाय नव्हते.

पट्टी खाली पडली. ओली. चारही फोटोंत तीच. केस मागे सारलेले, डाग उघडा, हसणारी.

तो चिठ्ठीवरच्या पत्त्यावर धावत सुटला. आईने दार उघडलं. पट्टी घेतली. दिव्याखाली गेली.

"हीच... हीच माझी..."

फोटो पक्का करणारं रसायन नसेल, तर तो उजेडात काळा पडतो. मिस्त्रीला हे झोपेतही ठाऊक. त्या रात्री भीतीने आठवलं नाही.

पहिला गेला. मग दुसरा. आईने तळहाताने झाकून धरलं. तिसरा...

चौथ्यातलं हसू तेवढं थोडा वेळ राहिलं.

तिने काळी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, दिवा मालवायला का नाही सांगितलंत?"

...

त्याला बरेच महिने झाले. आई पट्टी दोरीवर वाळत घालते. उन्हातही ठेवून झाली.

परवा मी स्वतः बोट लावलं. अजून ओली आहे.