एक्केचाळिसावं मशीन

ऑफिसात तिला सगळे छोटी म्हणत, कारण तिच्या आधी तिथे तिचा मोठा भाऊ लागला होता. दूरच्या शहरातल्या चाळीस मशीनना इथून बसल्या जागी कामं धाडणारी जुनी सिस्टिम दादानेच उभी केलेली. तो बावीस दिवस हॉस्पिटलात बेशुद्ध. आणि आज दुपारी बाराच्या आत सगळी कामं नव्या सिस्टिमवर हलवून जुनी बंद करायची, हे नेमकं छोटीच्याच गळ्यात पडलेलं!

साडेअकराला जुन्या यादीत एकच जॉब, म्हणजे चालू काम, उरला. दादाच्या नावाचा, बावीस दिवसांपूर्वी सुरू झालेला, एक्केचाळीस नंबरच्या मशीनवर.

तिने तिकडच्या ऑपरेटरला फोन लावला. "अहो, एक्केचाळीस नंबर कुठून आणलात?"

"चेष्टा करता का मॅडम? आत्ता मोजून आलो. चाळीसच आहेत."

जॉब मात्र मजेत चालला होता. दर काही सेकंदांनी एक आकडा टाकायचा. एकाहत्तर. सत्तर. बहात्तर. छोटीचं डोकंच चालेना.

तेवढ्यात हॉस्पिटलातून वहिनीचा फोन आला. "तसेच आहेत गं. ठोके तेवढे नीट आहेत. सत्तर... आता बहात्तर."

पडद्यावरही बहात्तर.

"वहिनी, वाचत राहा." प्रत्येक आकडा जुळत होता.

साहेब दारातून डोकावले. "उरलंसुरलं मारून टाका हो. बाराला जुन्या सिस्टिमची वीज तोडतायत."

मारायचा? छे! चालू जॉब आहे तिथून उचलून नव्या सिस्टिमवर न्यायचा. रीत ठरलेली होती: आधी थांबवायचा, मग नक्कल, मग सुरू. पण थांबवायला तिचं बोट धजेना. तिने तो चालू असतानाच त्याची नक्कल केली आणि ती नव्या सिस्टिमवर सुरू केली.

वहिनी किंचाळली. "डोळे उघडले गं! बोलतायत!"

छोटी ढसाढसा रडली. रडता रडताच तिचं लक्ष गेलं.

नव्या यादीत दादाचा जॉब. अठ्ठ्याऐंशी.

जुन्या यादीतही दादाचा जॉब. एकाहत्तर.

बाराला पाच मिनिटं होती.

"छोटे," फोनवर दादाचा घोगरा आवाज आला, "मला कूस बदलता येईना. माझ्या बाजूला हा कोण झोपलाय गं?"

हॉस्पिटलच्या त्या खोलीत एकच अरुंद खाट होती. छोटी बावीस रात्री खाली जमिनीवरच झोपली होती.