एकच सांगा, पण खरं

हे मी माझ्या मापांच्या वहीवरून लिहितेय. शिवणकाम मला कुणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवून ते कसे बेतले असतील ते बघत बघत शिकले. त्यामुळे इतर बायका जे डोक्यात ठेवतात ते मला कागदावर ठेवावं लागतं. छाती, कंबर, बाहीची उंची, आणि त्याच पानांच्या कडेला बसच्या वेळा, स्वप्नं, कोण काय म्हणालं ते. दोन दिवसांच्या त्या सहलीची टिपणंही तिथेच आहेत. माझं सोडा, वहीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सहलीची कल्पना माझीच. भावोजींना जाऊन अकरा महिने झाले होते. ताई त्यांचा तपकिरी स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर दोन गाठी मारून, जाईल तिथे बरोबर नेत होती. रोज सकाळी गाठी सोडायची, पिशवीत तोंड घालून एक श्वास घ्यायची आणि घाईघाईने गाठी मारायची. जास्त घेतला तर वास संपेल म्हणून एकच, औषधाच्या डोससारखा. मला वाटलं, दोन दिवस वारा लागला तर ताई पिशवी जरा विसरेल. असं मला वाटलं होतं हे मी वहीत लिहून ठेवलंय, म्हणून नाकारता येत नाही.

गाव द्राक्षमळ्यांचं, वाइनचं. आम्ही दोघींनी जन्मात थेंब घेतलेला नाही, पण लॉज स्वस्त होतं आणि फोटोत डोंगर दिसत होता. शनिवारची पहिली नोंद अशी आहे:

"बसमध्ये बुटकीचा फोन. म्हणते, आई, तू दारूच्या गावाला चाललीस आणि मी घरी अभ्यास करतेय, जग उलटं झालंय. मी म्हटलं, थांब, वास घेऊन येते, तुला हुंगवते. लोक वळून बघेपर्यंत मी हसले."

लॉजवाली बाई आमच्याच वयाची, नीटनेटकी. तिने चहा दिला. दूध नासलेलं होतं. मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. बाई मात्र तोच चहा आमच्यासमोर उभी राहून शांतपणे पीत होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ टोस्टचे बारीक चौकोन करत बसले होते.

"बाळ, अजून अर्धा कप दे गं," ते म्हणाले.

"वडील का तुमचे?" ताईने विचारलं.

"हो, असं म्हणतात ते," बाई म्हणाली. "रोज येतात. चांगले आहेत बिचारे."

म्हाताऱ्यांनी मान वर केली नाही. चौकोन करत राहिले.

जिन्यात ताईला हसू आवरेना. "मीही आता तुझी अशीच ओळख करून देते. ही माझी बहीण आहे, असं म्हणते." अकरा महिन्यांतलं तिचं पहिलं हसू. वहीत वेळेसकट लिहिलंय.

खोलीत एक माहितीपत्रक ठेवलं होतं: शनिवार-रविवारी करण्यासारख्या सात गोष्टी. पहिली, मळ्यातून फेरफटका. तो मारला. वेलींच्या सरळ रांगा आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी गुलाबाचं एक झाड. रोग आला तर आधी गुलाबावर दिसतो म्हणे, म्हणून लावतात. फुलं वाटीएवढी, वास असा की डोकं जड व्हावं. कामावरच्या बायका शेजारून जात होत्या, एकीचीही मान वळत नव्हती. दुसरी गोष्ट, घड्याळाचा मनोरा. तिथे जाताना बेकरी लागली. आत पाव जळत होते. रस्त्यावर धूर आला होता आणि बेकरीवाला भट्टीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होता.

"अहो, जळतंय!" ताई ओरडली.

त्याने वळून बघितलं. "हो की," म्हणाला. "आभारी आहे. दिसेपर्यंत आम्हाला कळत नाही."

तिसरी गाळून चौथी गोष्ट, तळघरातली वाइनची ओळख. सोळा दगडी पायऱ्या. खाली इतकं गार की पदर गळ्याभोवती गुंडाळावा लागला. दोन्ही बाजूंना लाकडी पिंपं, आडवी, माणसाच्या छातीइतकी उंच. पिंपांवर आकडे नव्हते. खडूने लिहिलं होतं: "पावसात भिजलेली शाळेची वही." "आत्याच्या ट्रंकेतला कापूर." "बाबांच्या टोपीची आतली पट्टी."

"काय पण कविता करतात लोक," ताई कुजबुजली.

तळघरातली बाई करड्या ॲप्रनमध्ये होती. वय सांगता येत नव्हतं. आम्ही पीत नाही म्हटल्यावर म्हणाली, "पिऊ नकाच. नुसता वास घ्या आणि काय आठवतं ते सांगा. एकच सांगा, पण खरं."

"तुम्हाला काय येतो वास?" मी विचारलं.

"मला सर्दी आहे," ती म्हणाली. "जन्माची."

मी नको म्हटलं. दोघींपैकी एकीने तरी शुद्धीवर राहावं एवढाच विचार. ताईने ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले.  मग अगदी हळू, जणू पिशवीच्या गाठी सोडत असल्यासारखी, म्हणाली, "लोकर. दाढीचा साबण. कपाट उघडल्यावरचा अंधार."

बाईने तिला एक कार्ड दिलं, ते तिच्याकडूनच लिहून घेतलं आणि एका कोऱ्या पिंपावर खडूने तेच उतरवलं. मग ग्लासातली वाइन पिंपाच्या भोकातून आत ओतली आणि बूच ठोकलं. दोनच ठोके. ते मला दातांत जाणवले.

रविवारी मी उठले तेव्हा ताई न्हाऊन, केस विंचरून खिडकीशी बसली होती. गुणगुणत होती. खुर्चीवर स्वेटर घडी करून ठेवलेला, पिशवी रिकामी.

"अगं, आपल्या सामानात कुणाचा तरी स्वेटर आलाय बघ," ती म्हणाली. "लॉजवालीला देऊन टाकू."

"ताई, भावोजींचा आहे तो."

"कोण भावोजी?"

थट्टा करताना ताईची डावी भुवई उडते. ती उडाली नव्हती. मी फोनमधला फोटो काढून दाखवला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. तिने चष्मा लावून बघितला.

"चांगला दिसतो माणूस," ती म्हणाली. "मी का एवढी खेटून उभी आहे?"

मी स्वेटर तोंडावर दाबला. काही नाही. भावोजी नाहीत, साबण नाही, लोकरसुद्धा नाही. धुतलेल्या बशीला येईल तेवढाच वास.

खरं सांगते, मला हवं होतं ते हेच तर होतं. ताईचा चेहरा मोकळा होता, खांदे खाली आले होते. घेऊन जावं हिला अशीच, असं मनात आलं. तेवढ्यात तिने टेबलावरच्या किटलीतला चहा ओतला. एक कप, मग सवयीने दुसरा. दुसऱ्यात साखर घातली नाही, भावोजींना चालत नव्हती. तो कप समोरच्या रिकाम्या जागी ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. गुणगुणणं थांबलं. तो कप तिथे का आहे हे तिला कळत नव्हतं, आणि कळत नाही याची तिला भीती वाटत होती.

मी चपला न घालताच निघाले.

जिन्याखाली म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन बसले होते. टोपीची आतली पट्टी घामाने काळी पडली होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

तळघराचं दार उघडं होतं. बाई कालच्याच जागी उभी होती.

"परत द्या," मी म्हटलं.

"मुरायला लागलंय," ती म्हणाली. तरी तिने बूच काढलं, नळीने छोटी बाटलीभर काढून दिली. मी नाकाशी धरली. भावोजी माझ्यामागे उभे होते. इतके जवळ, की मी पदर सावरला.

"पण पिंप अर्धवट ठेवता येत नाही," बाई म्हणाली. "हवा शिरली की सगळं आंबतं. जेवढं काढलं तेवढं भरायचं."

"कशाने?"

तिने ग्लास पुढे केला.

मी मनाशी पक्कं ठरवलं. काहीतरी फालतू द्यायचं. शिलाई मशीनचं तेल. इस्त्रीखाली करपलेलं सूत. माझ्याकडे असले वास पोत्याने आहेत.

मी वास घेतला.

मशीनचं तेल आठवायचा प्रयत्न केल्याचं मला आठवतं.

"एकच," बाई म्हणाली. "पण खरं."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. ते कार्डावर आहे.

दोन ठोके ऐकू आले.

लॉजच्या पायरीवर ताईला बाटली दिली. तिने वास घेतला आणि खालीच बसली. आधी रडली नाही. नुसती म्हणत राहिली, "हळू, हळू, संपेल." मग रडली. मी शेजारी बसून तिची पाठ चोळत होते आणि मला हलकं वाटत होतं. फारच हलकं. सामानातलं काहीतरी विसरून निघाल्यावर वाटतं तसं.

पुढच्या तीन गोष्टी बघायला आम्ही थांबलो नाही. बसमध्ये ताईने स्वेटर मांडीवर घेतला होता. थोड्या वेळाने म्हणाली, "लेकीला फोन कर, निघालो म्हणून."

"कोणाच्या?" मी विचारलं.

ताईची डावी भुवई उडाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूहळू खाली आली.

कार्ड माझ्या वहीत आहे. अक्षर माझंच, ठसठशीत: "तान्ह्या बाळाची टाळू. उन्हात झोपून उठलेली."

घरी एक मुलगी आहे. उंच आहे, माझ्यापेक्षा वीतभर. वहीत तिची मापं आहेत, दर वर्षाचं एक पान, वर "बुटकी" असं लिहिलेलं. पहिल्या पानावर फक्त टोपड्यासाठी डोक्याचा घेर. त्या खोडकर पोरीचं सगळं मी वाचून काढलंय. ताई रोज फोन करून मला आणखी सांगते आणि मध्येच फोन ठेवून देते. मुलीला आम्ही काही सांगितलेलं नाही.

काल मी तिला दूध दिलं. तिने पेला तोंडाला लावून लगेच खाली ठेवला.

"आई, नासलंय गं. तुला वास नाही आला?"

मी पेला उचलून बघितला. दूध पांढरं होतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. "घे ना वास," म्हणाली. "रोज घेतेस तसा." मी वाकले. लांब श्वास घेतला. मग म्हटलं, "छान येतोय."

ती चांगली आहे बिचारी. माझीच मुलगी आहे, असं म्हणते.