खंडेनवमीला न पेटलेलं इंजिन

राखोलीत नदीकडच्या कामगारांच्या खोल्यांमध्ये त्या रात्री लाइट गेली होती. दत्तात्रय आप्पा बाहेर ओट्यावर बसले होते. आयुष्यभर कारखान्याच्या बॉयलरवर राबून आता घरी बसलेला माणूस. त्यांच्याभोवती विकी, ललित आणि जया अशी तरुण मंडळी जमली होती.

"आप्पा, भूतबित काही नसतं," विकी म्हणाला. "मोबाइलची टॉर्च मारली की पळतं."

"मार मग. चार्जिंग आहे का?"

जया फिदीफिदी हसली.

"भुताचं मला माहीत नाही," आप्पा म्हणाले. "चिंधा पेंटरचं माहीत आहे. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्या माणसाला खरं बोलतानासुद्धा घाम फुटतो, खोटं काय बोलणार? त्यानं मला सांगितलं, तेच सांगतो. मधे बोलू नका."

आणि आप्पांनी सांगितलं ते असं.

चिंधा सिल्वासाजवळच्या आमच्याच कंपनीत पेंटर होता. मशीनवर 'धोका', भिंतीवर 'हेल्मेट घाला', संडासावर 'महिला', 'पुरुष'. अक्षर मोत्यासारखं, पण तोंडातून शब्द निघणं मुश्कील. कंपनीच्या गेटच्या आत, बागेत, शेठनं एक वाफेचं इंजिन आणून ठेवलं होतं. छोटंसं. खानदेशात एक साखर कारखाना होता, त्याचा ऊस शेतातून गाळपाला ओढायचं. कारखाना बंद पडला, इंजिन भंगारात निघालं आणि शेठनं हौसेनं उचललं. चबुतरा बांधला, चाकं वेल्डिंगनं जखडली. रंग द्यायला चिंधालाच सांगितलं.

जुना रंग खरवडताना खालून आकडा निघाला. सात.

चिंधा खालीच बसला. सात नंबर त्याचा बाप चालवायचा. विश्वनाथ. चिंधा चार वर्षांचा असताना याच इंजिनाच्या वाफेनं तो भाजून गेला होता.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. बापाचं नाव काढलं की अपघात निघायचा, आणि अपघात निघाला की कारखान्याचा तो कागद निघायचा: 'चालकाची चूक.' आई, कमळाबाई, वेगळं सांगायची. त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारं, यंत्रं पुजायचा दिवस. इंजिनाची आग उतरवलेली, झेंडूची माळ घातलेली. त्या दिवशी लोखंडाला काम सांगायचं नाही. पण मोठ्या साहेबाला पाहुण्यांना इंजिन पळवून दाखवायचं होतं. विश्वनाथ म्हणाला, "आज नाही." मग साहेबानं आपल्याच भाच्याला पेटवायला लावलं. पोरानं बॉयलरमध्ये पाणी किती ते पाहिलंच नाही. विश्वनाथला लांबूनच कळलं. तो पळत गेला, पोराला ढकललं, आग ओढून खाली पाडायला लागला, आणि वाफ फुटली.

पोरगा वाचला. कागद त्याच्या मामानं लिहिला.

आता तारीख ऐका. गेल्या वर्षीची खंडेनवमी, बुधवार, एक ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी इंजिनाचं उद्घाटन. बाजूला इंजिनाच्या इतिहासाचा मोठा बोर्ड लागणार. गुजराती आणि हिंदी बोर्ड बाहेरून तयार होऊन आले होते. मराठी बोर्ड चिंधाकडे. दुपारी मॅनेजर भावेशभाईंनी मजकूर मोबाइलवर पाठवला. चिंधा रात्री साडेआठला डबे-ब्रश घेऊन बागेत गेला. हॅलोजन लावला. लांब मैदानात गरबा चालू होता.

त्यानं लिहायला घेतलं. इंजिन कुठलं, कधीचं, वजन किती. हात छान चालला होता. मग शेवटची ओळ आली.

'चालक विश्वनाथ याच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या अपघातानंतर हे इंजिन बंद करण्यात आले.'

चिंधानं 'चालक विश्वनाथ' एवढं लिहिलं. पुढे ब्रश सरकेना.

नोकरी होती. पोरीचं, गुड्डीचं, कॉलेज होतं. खोली कंपनीची होती. एक ओळ तर लिहायची. कोण वाचतो?

तेवढ्यात इंजिनाच्या पलीकडून आवाज आला. टण्.

चाकावर हातोडी मारल्यासारखा. मग पुढच्या चाकावर. टण्. मग तिसऱ्या.

"कोण आहे?"

कोणी नाही. चिंधा फिरून पलीकडे गेला, तर आवाज अलीकडे. कोणीतरी इंजिनाला फेरी घालत होतं. सावकाश. कामावर निघण्याआधी तपासावं तसं.

गरबा थांबला होता. की ऐकू येत नव्हता, कोण जाणे. तेलाचा वास यायला लागला. ऊन तेलाचा. चिंधाच्या अंगाला दरदरून घाम सुटला.

"अरे चिंधाभाई! हुआ क्या?"

भावेशभाई होते. हातात रॉकेलचा बोळा, बगलेत गवताचा भारा. चिंधाच्या जिवात जीव आला.

"उद्या शेठ फीत कापणार, तेव्हा धुराड्यातून धूर निघायला पाहिजे. फोटो काय मस्त येईल! आत्ता ट्रायल घेऊ," भावेशभाई म्हणाले. बोर्डाकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आणि हे काय, लाइन अर्धी का?"

"साहेब... आज नवमी आहे. आज लोखंडाला..."

"मशीनची पूजा झाली सकाळी. पेढा खाल्लास ना? मग! तू लाइन पुरी कर."

ते वर चढले. भट्टीचं दार उघडलं. गवत कोंबलं. लायटर काढला.

चिंधाची नजर वर गेली. चालकाच्या जागेसमोर वाफेच्या दाबाचं घड्याळ होतं. काच फुटलेली, काटा शून्यावर गंजून चिकटलेला. चिंधानं स्वतः तो हलवून पाहिला होता. हलत नव्हता.

काटा हलत होता.

आत पाणी नाही. आग नाही. काटा चढत होता. वीस... चाळीस...

"साहेब, उतरा."

"डर मत, यार."

साठ...

भावेशभाईंनी बोळा पेटवला. हात भट्टीच्या तोंडाशी नेला. ज्योत आत ओढली गेली. आतून कोणी श्वास घेतल्यासारखी... लोखंड कण्हलं. बारीक. मग मोठं.

ऐंशी...

चिंधाचे पाय पळा म्हणत होते. तो पळाला नाही. वर चढला. आयुष्यात त्यानं साहेबाचं बोट धरलं नव्हतं, त्यानं भावेशभाईंचं मनगट धरलं. पिरगाळलं. बोळा बाहेर फेकला.

"आज नाही!"

आवाज चिंधाचाच होता. पण एकट्याचा नव्हता.

भावेशभाईंनी चिंधाकडे पाहिलं. मग चिंधाच्या खांद्यामागे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं...

काय पाहिलं? त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही. चपला तिथेच टाकून ते गेटाकडे पळत सुटले.

चिंधानं मागे वळून पाहिलं नाही. म्हणाला, "आप्पा, हिंमत नव्हती असं नाही. पण त्याचा चेहरा मला आठवत नाही. मागे दिसला असता आणि ओळखू आला नसता, तर?"

काटा खाली आला होता. चिंधानं भट्टीतलं गवत ओढून काढलं. मग उतरला. ब्रश हातात घेतला. 'चालक विश्वनाथ' या दोन शब्दांपुढे त्यानं लिहिलं:

'यांनी खंडेनवमीला हे इंजिन पेटवण्यास नकार दिला. दुसऱ्याने पेटवलेली आग विझवून एका मुलाचा जीव वाचवताना ते गेले. हा मजकूर त्यांच्या मुलाने लिहिला आहे.'

खाली स्वतःचं पूर्ण नाव. जो माणूस पगाराच्या दिवशीसुद्धा मान वर करायचा नाही, त्यानं.

सकाळी शेठनं फीत कापली. मराठी बोर्ड बागेतल्या बऱ्याच जणांनी वाचला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. आता पुसायचा कसा? भावेशभाई समोर उभे होते. महिन्याभरानं चिंधाला घरी बसवलं. कारण दिलं नाही, त्यानं विचारलं नाही. आता खानवेलच्या रस्त्यावर दुकानांचे बोर्ड रंगवतो. बोलतोही जरा मोठ्यानं.

आप्पा थांबले. नदीकडून वारा आला.

"बस? आप्पा, भीतीनं माणसाला काहीही दिसतं. काटा काय अन् आवाज काय," विकी म्हणाला, पण हळू.

"असेल. पण सकाळी बाग झाडायला पुतळाबाई आली, ती तर गरबा खेळून घरी झोपली होती. तिनं आधी पाहिलं." आप्पांनी आवाज उतरवला. "इंजिन ज्या रुळांच्या तुकड्यांवर उभं आहे ना, ते भंगारातून आणलेले. गंजून लाल झालेले. चाकं त्यांना वेल्डिंगनं जखडलेली. वेल्डिंग तसंच. एक टाका तुटलेला नाही. आणि चाकांच्या पुढे चार हात, मागे चार हात, रूळ चकाकत होते. रोज गाडी जाते, त्या रुळांसारखे.

"परवाच्या पावसानंतर मी मुद्दाम जाऊन पाहिले. बोट फिरवलं. अजून गंज नाही..."

लाइट आली. कोणी उठलं नाही.