मृदंगाचा हरवलेला घुमारा

"मृदंग कुठे गेला?" संकर्षण आजोबांनी विचारलं.

"अय्यो अज्जा, वाजतोय की!" कॉम्प्युटरसमोर बसलेली सहना म्हणाली.

"याला वाजणं म्हणतात? कुणीतरी डब्यावर चमचा आपटतंय."

सहनाने आवाज वाढवला. वीणा मोठ्याने वाजू लागली, पण ती नेमकी कुठून येते आहे तेच कळेना. जणू शेजारच्या घरात कुणी वाजवतंय आणि मधलं दार लावलेलं आहे. मृदंगाची उजवी बाजू बारीक टिकटिक करत होती. डाव्या बाजूचा तो खोल, गोल घुमारा मात्र कुठेच नव्हता.

"बेडा. नको ते," आजोबा म्हणाले. "बंद कर. थकलो मी."

हे घर पिढ्यान्पिढ्या म्हैसूरचं. मराठी बोलता बोलता तिथे केव्हा कन्नड सुरू होई ते बोलणाऱ्यालाही कळत नसे. देवश्री आणि तिचा धाकटा भाऊ अमेय हूटगळ्ळीच्या नव्या वस्तीतून रोज इथे येत. त्यांचे आईबाबा नोकरीसाठी नाशिकहून आलेले. दसऱ्याची सुट्टी शाळेला होती, आईबाबांच्या कंपनीला नव्हती! सहना देवश्रीच्या वर्गातली आणि सहनाचे आजोबा देवश्रीचे वीणेचे गुरुजी. त्यामुळे सुट्टीचे दिवस याच घरात जात.

जे वाजत होतं ते आजोबांच्या गुरूंचं वादन होतं. फार वर्षांपूर्वी एका घरच्या मैफलीत, मधोमध एकच माइक ठेवून कुणीतरी ते टेप केलं होतं. त्या वेळी कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, फीत तुटली की नखाएवढ्या चिकटपट्टीने जोडायची. अशी जपलेली ती कॅसेट सहनाचे वडील नरसिंहकाका यांनी शेवटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आजोबा रोज सकाळी ती ऐकत आणि मगच शिकवायला बसत. पण जुने स्पीकर बिघडले, नवरात्राच्या तोंडावर काकांनी नवी जोडी आणली, आणि तेव्हापासून आजोबांचा मृदंग हरवला.

"अण्णा, स्पीकर चांगले आहेत हो," नरसिंहकाका सोफ्यावर अंग टाकत म्हणाले. बँकेतून ते नेहमी असेच येत, अर्धे मिटलेले डोळे घेऊन. "वय झालं तुमचं. कानाला मशीन लावून घेऊ."

आजोबांनी कोपऱ्यातल्या वीणेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "यशस्विनीला निरोप दे. विजयादशमीला वीणा तिच्याकडे जाऊ दे. या वर्षी नवी मुलं घेणार नाही. जुन्यांनाही तीच शिकवेल. ज्याला ऐकू येत नाही, त्याने शिकवायला बसू नये."

यशस्विनी त्यांची सगळ्यांत मोठी शिष्या. पण देवश्री ताडकन उठली.

"आजोबा, पण मलाही ऐकू येत नाही!"

"काय ऐकू येत नाही?"

"मृदंग! जुन्या स्पीकरवर यायचा, तसा येतच नाही आता. माझं काय वय झालंय?"

"झालं असेल," अमेय म्हणाला. "काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होती!"

"गप रे!"

सहना हसली, पण तिचे डोळे चमकले. "थांब थांब. ही तेरा वर्षांची. हिलाही तेच, अज्जालाही तेच. मग कान कसे गेले? काहीतरी गडबड आहे, अल्वा, हो ना?"

"आहेच मुळी!" देवश्री म्हणाली.

"म्हणजे स्पीकर लहान पडतायत," काकांनी झटकन निकाल दिला. "चला, आजच मोठे आणू. उद्या खंडेनवमीची आयुधपूजा, नंतर दुकान उघडं मिळायचं नाही."

"आम्हीही येतो!" तिघं एकदम ओरडली. निघताना देवश्रीने ते वादन आपल्या पेन ड्राइव्हवर घेतलं.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दसरा बघायला अवघा मुलूख लोटला होता. काका दांडीला लोंबकळत उभ्या उभ्या पेंगत होते. देवराज मोहल्ल्यात उतरले तर रस्त्यावर झेंडूचे ढीग, मोगऱ्याचे गजरे आणि कोहळ्यांच्या राशी. पूजेनंतर गाडीपुढे फोडायला प्रत्येकाला कोहळा हवाच होता. काकांनीही एक घेतला आणि अमेयच्या हातात दिला.

"मीच का?" अमेय कुरकुरला.

"सुम्ने धर! उगाच बडबडू नकोस," सहना म्हणाली.

विजयेंद्र यांचं स्पीकरचं दुकान खचाखच भरलेलं होतं. त्यांनी एक भलीमोठी जोडी दाखवली. बटण दाबताच स्पीकरच्या कडेने निळे दिवे पळायला लागले. गाणं सुरू झालं आणि काउंटरची काच थरथरली!

"आहाहा!" काकांची झोप उडाली. "खोक्यावर वॉटचा आकडा बघ केवढा लिहिलाय! हेच बांधा."

"काका, एक मिनिट!" देवश्री पुढे सरकली. "यावर आमचं वादन लावून बघू या ना. आपल्याला तर तेच ऐकायचंय."

विजयेंद्रांनी पेन ड्राइव्ह लावला. धम्! धम्! धम्! मृदंग असा दणकला की त्याखाली वीणा पार गाडली गेली.

"वरात आली!" अमेय कोहळा सावरत म्हणाला.

"आता हे लहान लावा ना," देवश्रीने फळीवरच्या साध्या काळ्या जोडीकडे बोट दाखवलं. लाकडी पेटीचे, दिवे नसलेले, दिसायला अगदीच गरीब.

दुकानदारांनी तारा बदलल्या. आणि मग दुकानातल्या त्या गोंगाटातही वीणा अगदी समोर येऊन बसली. एकेक तार वेगळी कळत होती. आणि तिच्यामागे... घुम्म! मृदंगाची डावी बाजू. गोल, शांत, भरलेली.

देवश्रीने टाळीच वाजवली. "हेच! असाच यायचा!"

सहना स्पीकरच्या जवळ गेली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. "अप्पा! अहो हे तर आपल्याच घरचे आहेत! तीच कंपनी, तीच पेटी!"

"दुकानात सगळंच छान वाटतं," काका जांभई देत म्हणाले. "आपली खोली वेगळी."

"पण खोली तीच, जुने स्पीकर त्याच टेबलावर होते! तेव्हा मृदंग यायचा!" सहना म्हणाली.

काका काही बोलणार होते. पण त्यांनी बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं, त्या मोठ्या खोक्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे पडले. "एवढं धूड घेऊन त्या बसमध्ये? होगली, जाऊ दे. सण संपल्यावर बघू."

मुलांना जे समजावून जमलं नसतं ते काकांच्या थकव्याने केलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी देवश्री आणि अमेय धावतच आले. सिंधूकाकू, म्हणजे सहनाची आई, पदर खोचून पूजेच्या तयारीत होत्या. वीणा धुतलेल्या चादरीवर ठेवली होती. शेजारी पुस्तकं, शिवणयंत्र, काकांचं हेल्मेट.

"कॉम्प्युटर आणि स्पीकरही पूजेत बसणार," काकू म्हणाल्या. "एकदा फुलं वाहिली की उद्या विजयादशमीच्या पूजेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. सांगून ठेवते!"

"आणि यशस्विनीताई केव्हा येणार?" देवश्रीने विचारलं.

"उद्या पूजा झाली की लगेच," काकूंचा आवाज उतरला. "अण्णा काल रात्री जेवलेसुद्धा नाहीत नीट."

म्हणजे जे काय करायचं ते फुलं वाहण्याआधी! सहनाने खोलीचं दार लोटून घेतलं.

"टेबल कोपऱ्यातून सरकवू. मागे बघायला पाहिजे," देवश्री म्हणाली. "तुम्ही दोघं दोन टोकांना धरा."

टेबल शिसवी लाकडाचं, जड. सहना आणि अमेय यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. टेबल जागचं हलेना.

"लाव की जोर!" सहना धापा टाकत म्हणाली.

"लावतोयच! तूच लावत नाहीस!"

"अरे वेड्यांनो, तुम्ही एकमेकांच्या दिशेने ढकलताय!" देवश्री हसायला लागली. "एकाने ढकला, एकाने ओढा."

आता टेबल कुरकुरत सरकलं. फटीतून अमेय मागे शिरला आणि त्याचा पाय तारेत अडकला. डाव्या स्पीकरची कॉम्प्युटरकडची पिन निघून आली.

"मेलो! तोडलं मी!"

"बघू, उजवा तरी चालतोय का," म्हणत सहनाने वादन लावलं.

घुम्म!

तिघंही जागच्या जागी थबकली.

"मृदंग!" अमेय टेबलाखालून म्हणाला. "एक स्पीकर बंद केला आणि मृदंग आला?"

सहनाने सगळं बंद केलं, डाव्याची पिन परत लावली, उजव्याची काढली. घुम्म! डावा एकटाही उत्तम वाजत होता. मग दोन्ही लावले. मृदंग गायब!

"एकेकटे शहाणे आणि दोघं एकत्र आले की भांडतात," सहना म्हणाली. "तुम्हा बहीण-भावासारखे!"

देवश्री मात्र टेबलाकडे बघत होती. "मघाशी तुम्ही दोघं ढकलत होतात. दोघांचाही जोर होता, पण टेबल हललं नाही. का?"

"उलट्या दिशांना जोर लावत होतो म्हणून," अमेय म्हणाला.

"स्पीकरही हवाच ढकलतात! शाळेत पंख्याच्या छोट्या मोटरला सेल उलटा लावला होता, आठवतं? पंखा उलटा फिरला होता. यातल्या एका स्पीकरच्या तारा उलट्या असतील तर? एक हवा पुढे ढकलतो, तेव्हाच दुसरा मागे ओढतो. आजोबांचं वादन एकाच माइकवरचं, म्हणजे दोघांत अगदी तेच वाजतंय. बारीक टिकटिक थोडी उरते, पण खोल आवाज एकमेकांत जिरून जातो!"

"अमेय, स्पीकरच्या मागे बघ!" सहना म्हणाली. "लाल तार लाल चापात आहे ना, आणि काळी काळ्यात?"

थोडा वेळ नुसती खुडबूड ऐकू आली. मग अमेयचा गोंधळलेला आवाज आला, "उजव्याला बरोबर आहे. डाव्याला... डाव्याला दोन्ही चाप लालच आहेत!"

"असं कसं असेल? सरक."

देवश्रीने टॉर्च मारला. खरंच! दोन्ही लाल. तिने एका चापावर बोट घासलं. बोट लाल झालं आणि खालून काळा रंग डोकावला.

"कुंकू!"

"आई!" सहना ओरडली. "आई, लवकर इकडे ये!"

काकू हातातली फुलं घेऊनच आल्या. "कुंकू ना? मीच लावलं. नवी वस्तू घरात आली की आधी हळद-कुंकू, मग वापर. तुझे अप्पा खोकं उघडून बँकेत गेले. पुढे त्या कापडी जाळीला लावलं असतं तर डाग पडला असता. म्हणून मागच्या बाजूला लावलं. एकाला जरा जास्तच ओलं झालं होतं, ओघळ गेला असेल." त्या थांबल्या. "का गं? काय झालं?"

एव्हाना काकाही दारात आले होते. मुलांनी दाखवलेला चाप त्यांनी वाकून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"त्या दिवशी इतका दमून आलो होतो... दोन्ही लाल दिसले. म्हटलं, असेल नवी पद्धत. बसेल तिथे तार खुपसली आणि झोपलो."

"आणि मग अज्जाचे कान गेले म्हणालात!" सहनाने सुनावलं.

देवश्रीने सगळी बटणं बंद करायला आणि भिंतीतला प्लग काढायला लावलं. ओल्या फडक्याने चाप पुसला, कोरडा केला. काळा चाप पुन्हा काळा दिसू लागला. अमेयने लाल तार लालमध्ये आणि काळी काळ्यात दाबली. सहनाने दोन्ही स्पीकर थोडे आजोबांच्या खुर्चीकडे वळवले.

"लाव," देवश्री म्हणाली.

वीणा सुरू झाली. दोन स्पीकरच्या बरोबर मधे, जणू तिथे कुणी मांडी घालून बसलंय. आणि मृदंग आला, भरून आला, खोलीच्या कोपऱ्यापर्यंत.

शेजारच्या खोलीत खाट वाजली. आजोबा भिंत धरत धरत दारात आले. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर ताल धरत होती. तुकडा संपला तेव्हा ते खुर्चीत बसले, फार चालून आलेल्या माणसासारखे.

"हा आमच्या गुरूंचा हात," ते म्हणाले. "मला वाटलं, आता पुन्हा भेट नाही."

काका त्यांच्या पायाशी बसले. "अण्णा, चूक माझी होती. तुमचे कान ठीक आहेत. या पोरांनी शोधून काढलं, नाहीतर मी तुम्हाला मशीन लावलं असतं आणि घरात वरातीचे स्पीकर आणले असते."

"तू नेहमीच घाईत असतोस, नरसिंहा," आजोबा म्हणाले. रागावण्याएवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मग त्यांनी तिघांना जवळ बोलावलं. "सगळे मला म्हातारा म्हणून गप्प बसवत होते. मीही गप्प बसलो. तुम्ही मात्र माझ्या कानांवर विश्वास ठेवलात. शाब्बास रे पोरांनो!"

"आणि वीणा?" देवश्रीने भीत भीत विचारलं.

"वीणा पूजेत बसेल. उद्या यशस्विनीला येऊ दे, पण न्यायला नको, मदतीला. नवी मुलं आली तर एकट्याने मला झेपायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पूजा उतरली. दारात चपलांचा ढीग पडला. नवी मुलं, त्यांच्या आया, नारळ, विड्याची पानं. आजोबा प्रत्येकाचं बोट धरून पहिला स्वर वाजवून घेत होते. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला, पाठ दुखायला लागली, तरी ते उठेनात. शेवटी काकूंनी त्यांना जवळजवळ ओढूनच आतल्या खाटेवर निजवलं.

बाहेर देवश्रीला तिचा जुना धडा यशस्विनी वाजवायला लावत होती. एका कठीण जागी देवश्रीचं बोट जरासं घसरलं. यशस्विनीच्याही ते लक्षात आलं नाही. देवश्रीने हळूच अमेयकडे पाहून जीभ चावली आणि पुढे वाजवत राहिली.

"देवश्री!" बंद दाराआडून थकलेला, पण स्पष्ट आवाज आला. "पुन्हा वाजव ते. मला ऐकू येतंय!"