बांड्याचा तोल

कापताना कडेला बोटभर माया ठेवायची, हा तिचा तीस वर्षांचा हात. पडदे असोत, गाद्यांची कव्हरं असोत की शाळेचे गणवेश, शिवणीला माया हवीच. म्हणून नवऱ्याच्या नकाशाबरहुकूम थर्माकोल कापायला बसली, तेव्हाही हाताने आपलंच खरं केलं. तापलेल्या तारेखालून पंखाचे दोन्ही भाग लोण्यासारखे सुटले आणि मग तिच्या लक्षात आलं, की सगळ्या कडा बोटभर जास्त आहेत.

लेक हसली. "आई, विमान आहे ते. धुतल्यावर आटणार नाही."

"राहू दे. वाढत्या अंगाला लागते."

विमान म्हणजे नुसता पंख, बाणाच्या टोकासारखा. धड नाही, शेपूट नाही. पाठीमागे मोटर आणि मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या. वर-खाली, डावं-उजवं, सगळा कारभार त्यांच्यावर. नवऱ्याने जन्मभर असलीच विमानं केली. रिमोटच्या विमानांच्या क्लबात अशा बिनशेपटीच्या विमानाला 'बांडं' म्हणत. पुढेपुढे नवऱ्यालाही म्हणायला लागले. बारा पडली. तेरावं मात्र दोन महिन्यांपूर्वी उडालं, दृष्ट लागावी असं उडालं. मैदानापलीकडच्या निलगिरीकडे ते वळलं आणि इकडे नवरा रिमोट हातात धरून गवतावर बसला. बसला तो बसलाच. लोकांनी दोन दिवस निलगिरीचं झाडन्‌झाड पालथं घातलं. विमानाचा कपटासुद्धा मिळाला नाही.

क्लबने दोन मिनिटं शांतता पाळली आणि तिसऱ्या मिनिटाला नियम केला, बांडी विमानं बंद. सेक्रेटरीने वहीत तेराव्यापुढे 'उतरलं नाही, अयशस्वी' असं लिहिलं आणि भिंतीवरचा नकाशा काढून, नीट गुंडाळी करून तिच्या हाती दिला.

गुंडाळी घेऊन ती दारातच उभी राहिली. "मी करून उडवलं, आणि धावपट्टीवर उतरवलं तर?"

"वहिनी, हट्ट नको. शेपटीचं विमान तुम्हाला मीच शिकवलं. तुमचा हात मला ठाऊक आहे."

"उतरलं तर नियम खोडायचा. नकाशा परत भिंतीवर."

"आणि पडलं तर?"

"तर त्याच कागदाचे फ्रॉकचे साचे कापीन. पुन्हा या दारात यायची नाही."

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. त्याने सुस्कारा टाकून पुढच्या महिन्यातला पहिला रविवार दिला.

बांड्याचं सगळं तोलावर. शेपूट असलं की ते चार चुका पोटात घालतं. बांडं एकही घालत नाही. नकाशावर पंखाखाली दोन खुणा होत्या. तिथे दोन बोटं टेकवून उचललं, की नाक जरासं खाली झुकायला हवं. तिने उचललं तर मागची बाजूच खाली बसली. मायेमुळे असणार, असं म्हणून तिने मशीनच्या दोन बॉबिना नाकात चिकटवल्या. तोल चोख झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागची बाजू पुन्हा जड.

तिसरी बॉबिन लावली. पुढच्या सकाळी चौथी लागली. गोंद ओला असेल, हवा दमट असेल, म्हणून तिने विमान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. संध्याकाळचं वजन आणि सकाळचं वजन, ग्रॅमचा फरक नाही. तोल तेवढा रोज मागे सरकत होता.

"आई," लेक हळूच म्हणाली, "मागे काही बसतंय का?"

"बसू दे. मी कुठे तिकीट मागतेय?"

बोलली खरी, पण त्या दिवशी टीप दोनदा वाकडी गेली.

आठवड्याने तिने विमान छताच्या हुकाला दोन दोऱ्यांनी टांगलं. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि समोरच्या भिंतीवर त्याची सावली पडली. शेजारी आणखी एक पडली. खिडकी एकच होती. तिने मोजपट्टी घेतली आणि दोन्ही सावल्या मापल्या. दुसरी सावली चहूबाजूंनी बोटभर लहान होती. नकाशाबरहुकूम. माया न ठेवलेली.

दोऱ्या स्तब्ध होत्या. लहान सावली सावकाश डावीकडे वळत होती.

लेकीने पडदा ओढला. "आई, नको उडवू हे."

"तेरा वेळा लोक म्हणाले, पडणार. आता भिंत म्हणायला लागली म्हणून ऐकू?" तिने पडदा पुन्हा सारला. शिवायचं काम राहिलं होतं आणि उजेड हवा होता.

रविवारी सकाळी दहाला मैदानावर ऊन लख्ख होतं. नाकात अकरा बॉबिना होत्या. सेक्रेटरीने विमान बोटांवर तोलून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एवढ्या वजनाने उचलायचं नाही हे, वहिनी."

"पंख मोठा आहे."

रिमोट नवऱ्याचाच होता, त्याच्या हातातून सोडवून घेतलेला. लेकीने विमान डोक्यावर धरलं, चार पावलं पळाली आणि फेकलं. ते जरा खचलं, मग चढलं. सेक्रेटरीने घड्याळाचं बटण दाबलं.

दोन फेऱ्या सुरेख झाल्या. बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

तिसऱ्या फेरीत विमान निलगिरीकडे वळलं. तिने वळवलं नव्हतं.

तिने रिमोटची दांडी उजवीकडे दाबली. विमान डावीकडेच गेलं.

तिने अंगठा पांढरा होईपर्यंत दाबून धरला.

"वहिनी, सोडून द्या," सेक्रेटरी म्हणाला.

"एकदा गेलात न सांगता," ती पुटपुटली. बोलणं सेक्रेटरीशी नव्हतं. "जा तुम्ही. हे माझं आहे. हे मी उतरवणार."

विमान थरथरलं. मग नाक एकदम खाली गेलं, मागचं ओझं कुणी उतरून गेल्यासारखं. अकरा बॉबिना त्याला जमिनीकडे ओढत होत्या. तिने दांडी पोटाशी खेचली. मागच्या पट्ट्या नकाशापेक्षा बोटभर जास्त रुंद होत्या; त्या बोटभरानेच नाक वर आलं.

गवताला घासत विमान धावपट्टीवर टेकलं. घसरलं. थांबलं.

तिने मोटर बंद केली, रिमोट बंद केला, गवतावर ठेवला. जाऊन विमान दोन बोटांवर उचललं. नाक धाडकन खाली गेलं. मागे आता काही नव्हतं.

"तीन मिनिटं चाळीस," सेक्रेटरी म्हणाला. त्याने वही उघडली आणि पेन तसंच राहिलं.

कोऱ्या पानावरून एक सावली सरकत गेली होती.

त्याने वर पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं रिकामं होतं. सावली धावपट्टीवरून पुढे गेली, टोकाला वळली, परत आली. ती ओळखायला या बाईला मोजपट्टी लागली नाही. बोटभर लहान होती.

"लिहा," ती म्हणाली. "चौदावं, उतरलं. नकाशा उद्या आणून देते. आणि तेराव्यापुढचं 'अयशस्वी' खोडा."

"खोडून काय लिहू?"

"अजून उडतंय."

तो लिहीपर्यंत ती रिमोटपाशी गेली. उचलायला वाकली, आणि हात मागे घेतला. बटण बंदच होतं. दांडी हळूहळू डावीकडे कलत होती.

धावपट्टीच्या टोकाला सावली डावीकडे वळली.