अकरा शून्यं

"ओ, थांबा! तो पाय... तो पाय खाली ठेवू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले, की काचघराच्या मागच्या भिंतीला सायकल टेकवायला आलेला तो मुलगा एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला. एक हात सायकलीवर, दुसरा हवेत.

"साप?" त्याने ओठसुद्धा न हलवता विचारलं.

"गोगलगाय. सतरा नंबर."

मी वाकून त्याच्या बुटाखालून सतरा नंबरला अलगद उचललं आणि ओल्या भिंतीवर ठेवलं. तिच्या शंखावर लाल ठिपका होता. त्याने तो पाहिला, मग माझ्या हातातली बाटली पाहिली.

"गोगलगाईला नेलपॉलिश?"

"ओळखू यावी म्हणून. रोज सकाळी सातला मोजते मी यांना. माझा नेमच आहे तो."

"नशीबवान आहात. माझ्याकडे मधमाश्या आहेत, चार पेट्या. मोजायला गेलं की चावतात." पाय अजून हवेतच होता. "आता ठेवू का? की अठरा नंबर यायचीय?"

मला हसू आलं... आणि मी ते नेलपॉलिशचं झाकण लावण्यात लपवलं. आठचा तास गाठायचा होता. मी चालू लागले, तर हा सायकल भिंतीला टेकवून माझ्याच बाजूने निघाला. जिना एकच, मजला एकच, दारही एकच.

"तुम्ही पण का-बाईंकडे?" त्याने विचारलं.

"दुसऱ्यांदा," मी म्हणाले. लपवायचं कशाला? वर्गात गेल्यावर कळलंच असतं.

जीवशास्त्राच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापिकेला सगळं विद्यापीठ का-बाई म्हणायचं. उत्तर चुकलं तर त्या विचारायच्या, "का?" बरोबर आलं तरी विचारायच्या, "का?" एकदा मागच्या बाकावरचा एक जण वैतागून म्हणाला, "बाई, पुस्तकात तसं दिलंय म्हणून!" तर बाई शांतपणे म्हणाल्या, "मग पुस्तकाला विचारून ये. मी थांबते." आणि खरंच थांबल्या, खडू हातात धरून, पाच मिनिटं.

त्यांचा आवाज कधी चढला नाही. कुणाला कमी लेखलं नाही. तास संपल्यावर शेवटच्या मुलीला कळेपर्यंत त्या फळ्यापाशी उभ्या असायच्या, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर खडूची भुकटी सांडत. तरीही त्यांच्या विषयात निम्मा वर्ग गळायचा, आणि मागच्या वर्षी त्या निम्म्यात मी होते. सूत्रं मला तोंडपाठ होती. तोंडी परीक्षेत बाईंनी "का?" विचारलं आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं, ते घरी पोचेपर्यंत उघडलं नाही.

मी मुळात घाबरणारी मुलगी नाही. गुडघाभर चिखलात उतरते, जळवा हाताने काढते. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्राने मला एक वर्षासाठी बोलावलं होतं, खडकांवरच्या शंखांवर काम करायला. अट एकच होती, हा विषय सुटला पाहिजे. नाही सुटला, तर दादाचं चष्म्याचं दुकान होतंच. दादा मायेचा, पण जीभ तिखट. "ये की दुकानात," म्हणायचा, "गोगलगायींना नंबर लागला तर गिऱ्हाईकं आयतीच मिळतील." आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "या वेळी सोडव गं बाई तो विषय. मनासारखं काम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही."

का-बाईंनी पहिल्याच दिवशी टेबलावर पावाचा एक ओला तुकडा ठेवला. त्यावर बुरशी धरेल, रोज डाग मोजा, म्हणाल्या. डाग पसरत गेला तसं गणितही पसरत गेलं. शेवटच्या तोंडी परीक्षेची पद्धतही त्यांनी त्या पहिल्याच तासाला सांगितली. प्रत्येकाने आपण स्वतः मोजलेली एखादी गोष्ट समीकरणात मांडायची. कुणाची मांडणी कुणी तपासायची, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. तपासणाऱ्याने त्यातली खरी चूक शोधायची आणि ती चूक का, ते पटवून द्यायचं. निम्मे गुण त्याचेच.

"आणि मांडणाऱ्याची चूक सापडली तर त्याचे गुण गेले?" माशीवाल्याने उठून विचारलं. एव्हाना मी त्याचं नाव माशीवाला ठेवलं होतं, मनातल्या मनात.

"चूक कबूल केली तर जाणार नाहीत," बाई म्हणाल्या. "लपवली तर जातील."

त्याच दिवशी दुपारी चारला तो मला ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर भेटला. म्हणजे मी वही उघडून बसले होते आणि तो कागदाच्या दोन पेल्यांत चहा घेऊन समोर उभा राहिला.

"एक तुमचा. सतरा नंबरच्या जिवावर उठलो होतो, त्याची भरपाई."

"मी अनोळखी माणसाकडून चहा घेत नाही."

"मग गणित घ्या. बुरशीचं पहिलं उदाहरण मला सुटलंय."

गणित मी घेतलं. चहाही घेतला. चौथ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणी केलं ते आठवत नाही. तो मला बाण काढून आलेख समजवायचा, मी त्याला पानाखाली लपलेला जीव कसा शोधायचा ते दाखवायची. बोलताना त्याला पेन कानामागे खोचायची सवय होती, आणि मग तेच पेन तो सगळीकडे शोधायचा. मी सांगायची नाही. बघत बसायची... तेवढाच जास्त वेळ मिळायचा.

चौथ्या आठवड्यात मात्र बिनसलं. मी एक उदाहरण धाडधाड सोडवून वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने नुसती नजर टाकली.

"हे तू पाठ केलंयस."

"मग? उत्तर बरोबर आहे ना?"

"डाग पसरायचा मंदावतो, तो का?"

"सूत्रात तसं आहे."

"तुला समजून घ्यायचंच नाहीये. पाठ केलं की चूक आपली राहत नाही, म्हणून पाठ करतेस. मागच्या वर्षी नापास झालीस ती याचमुळे."

माझे कान तापले. "तू कोण? का-बाईंचा धाकटा भाऊ?" मी वही उचलली आणि उठले. त्याने हाक मारली, मी वळले नाही.

त्यानंतर मी बाकावर गेले नाही. वर्गात पहिल्या रांगेत बसले, तास संपताच निघाले. चार वाजता काचघरात गोगलगायींना पानं घालत बसायची. अडचण एवढीच होती, की काचघर काचेचं होतं आणि बाक बरोबर समोर. तो रोज यायचा. दोन पेले घेऊन. एक प्यायचा, दुसऱ्यावर वही झाकून ठेवायचा, पाच वाजता उठून जायचा. सहाव्या दिवशी त्याने दोन्ही चहा प्यायले. मला एवढा राग आला, की मी चुकून एकाच गोगलगाईला तीन पानं वाढली.

त्या दिवसांत पावाच्या तुकड्यावरचा डाग कडेला पोचून थांबला. वर्ग रिकामा झाल्यावर मी त्याच्याकडे एकटक बघत राहिले. आणि एकदम उजेड पडला. जागाच संपली होती. खायला काही उरलं नव्हतं. सूत्रातलं जे अक्षर मी वर्षभर नुसतं घोकत होते, ते अक्षर म्हणजे हा पाव होता! मी पुन्हा पहिल्यापासून सगळी उदाहरणं सोडवायला घेतली, प्रत्येक ओळीला स्वतःच "का?" विचारत. तीन दिवस त्यात गेले.

मग मी बाकापाशी जाऊन उभी राहिले.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणाले. "सांगायची पद्धत मात्र भिकार होती."

तो गडबडून उठला, वही खाली पडली. "पद्धत सुधारतो. आधी बस तरी. चहा... गार झालाय."

"गार चालेल."

त्यानंतर आम्ही जे बोलत सुटलो, ते पाचऐवजी सहा वाजू लागले. पण मनातलं काही तो बोलला नाही आणि मीही नाही. परीक्षा होऊ दे, मी स्वतःला बजावलं होतं. या वेळी विषय माझ्या जिवावर सुटला पाहिजे, मग बाकीचं.

तोंडी परीक्षेच्या सकाळी मी चिठ्ठी उघडली. तपासायची मांडणी माशीवाल्याची होती. माझी लेखी परीक्षा जेमतेम काठावर होती. इथे चूक सापडली नाही, तर किनारा गेला.

मला वाटलं होतं, तो मधमाश्या मांडेल. त्याने फळ्यावर शीर्षक लिहिलं, 'एका बाकावर दोन व्यक्तींचं संभाषण, मिनिटांत'.

वर्गात खसखस पिकली. माझा चेहरा तापला. कोणत्या दोन व्यक्ती, ते त्याने लिहिलं नव्हतं. नोंदी चौतीस होत्या. पहिल्या दिवशी सात मिनिटं, शेवटच्या दिवशी एकशे अठरा. मधे सुरेख चढत गेलेली रेषा. समीकरण स्वच्छ, आकडेमोड चोख. तो बोलला तेही सरळ, माझ्याकडे एकदाही न बघता.

"हं," का-बाई माझ्याकडे वळल्या. "सांग, काय चुकलंय?"

मी फळ्यापाशी गेले. रेषा बघितली. आणि चूक दिसली... अगदी लख्ख दिसली. ती सांगायची म्हणजे सगळ्या वर्गासमोर स्वतःला उघडं पाडणं होतं. क्षणभर वाटलं, दुसरं काहीतरी फुसकं काढावं. पण किनारा असा फुसक्या उत्तरावर नको होता मला.

"याने शून्यं लिहिली नाहीत," मी म्हणाले. "शिकवण्याचे दिवस पंचेचाळीस झाले. नोंदी चौतीस. मधले अकरा दिवस गाळून याने पुढचे दिवस मागच्यांना चिकटवलेत. म्हणून रेषा अशी न थांबता चढलेली दिसते."

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "पण त्या अकरा दिवसांत मोजणाराच आला नसेल तर? न मोजलेला दिवस आणि शून्याचा दिवस एक नसतो. ती शून्यंच होती, हे कशावरून?"

"मोजणारा रोज येत होता, बाई."

"तुला काय माहीत?"

"मी काचघरातून बघत होते. रोज. चार ते पाच."

माशीवाल्याने पहिल्यांदा मान वर केली.

"का?" बाईंनी विचारलं.

मागच्या वर्षी याच एका अक्षराने मला मुकं केलं होतं. आता मात्र उत्तर ओठांवरच होतं, आणि ते कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं.

"कारण बाकावरची दुसरी व्यक्ती मी आहे," मी म्हणाले. "रागावले होते म्हणून बाकावर गेले नव्हते. पण तो आलाय की नाही, हे बघितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. ते अकरा दिवस मला फार जड गेले, बाई."

कुणीतरी मागून शीळ घातली. बाईंनी त्या दिशेला नुसतं पाहिलं, शीळ अर्ध्यात विरली. मग त्यांनी माशीवाल्याला विचारलं, "चूक कबूल?"

"कबूल, बाई."

"मुद्दाम केलीस?"

"नाही. ते दिवस... लिहायला हात धजला नाही."

"आता लिही. खरं मोजमाप पुसून रेषा सुंदर करायची नसते."

त्याने खडू उचलला. सोळाव्या नोंदीनंतर एकेक करत अकरा शून्यं काढली. रेषा तळाला गेली, तिथे रेंगाळली आणि मग अशी उसळली, की तिला फळा अपुरा पडला.

का-बाईंनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "केंद्राला आज पत्र पाठवते. चिखलाचे बूट घेऊन जा, तिथे चांगले मिळत नाहीत," एवढंच म्हणाल्या. "पुढचा कोण?"

मी बाहेर आले तर पाय हलके झाले होते, जणू व्हरांडाच आपणहून पुढे सरकत होता. तो मागून धावत आला.

"ऐक... थांब ना. मी एक वाक्य तयार केलं होतं. महिनाभर. परीक्षा झाल्यावर बोलणार होतो."

"मग बोल की."

"ते... म्हणजे असं, की आपण..." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आता आठवेना."

"मी बोलू? माझं तयार नाहीये, पण येईल." मी त्याच्याकडे वळले. "तू मला आवडतोस. वर्षभर मी किनाऱ्यावर असेन, रोजचं बाक नाही जमणार. तरी आवडतोस. तुझं काय ते सांग."

"वर्षभर?" तो म्हणाला. "मधमाश्यांच्या पेट्या रविवारी उघडायच्या नसतात. मी दर रविवारी रिकामाच असतो."

"असा काही नियम आहे मधमाश्यांचा?"

"आत्ताच केला."

मी हसले, या वेळी न लपवता. त्याने हात पुढे केला, थोडा घाबरत, आणि मी तो धरला. तेवढ्यात वर्गाचं दार उघडलं आणि का-बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. आमच्या हातांकडे त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं.

सोडावासा वाटला नाही.